नाईक गांगुर्डेंचं पदक

"मी मिशा लावणार नाही. मागच्या नाटकात डिंकाने ओठाचं सालटं निघालं होतं," सार्थक म्हणाला.

"मग बिनमिशांचा सुभेदार हो. शत्रू हसूनच मरेल," धाकट्या सृष्टीने सुचवलं.

सुट्टीतल्या नाटकासाठी दोघं भावंडं आणि सार्थकचा वर्गमित्र अश्विन द्वारका चौकाजवळच्या ड्रेपरीच्या दुकानात आले होते. नाटकाचे कपडे तिथे भाड्याने मिळत. अश्विन फौजी कोटावरची पदकं चाचपत होता. बाकीची पत्र्याची, फुंकर मारली तरी उडतील अशी. एक मात्र जड होतं. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती: नाईक एस. गांगुर्डे.

"हे खरं आहे. आमच्या कॉलनीतल्या फौजी बाबांचं," अश्विन हळूच म्हणाला. "एकाहत्तरची लढाई लढले होते. गेल्या हिवाळ्यात वारले."

"मग इथे कसं आलं?"

दुकानदार योगेशकाकांनी हात झटकले. "कुठल्याशा मंडळाच्या पेटीतून आलं असेल. कपडे परत करताना लोक काय वाट्टेल ते कोंबतात. एकदा कवळी आली होती. न्या तुम्ही."

तिघं बसने सातपूरला गेले.

"जय भीम, आजी," अश्विनने दारातूनच हाक मारली. फौजी बाबांच्या पत्नी मालनबाईंनी पदक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि खालीच बसल्या.

"यांनी विकलं, असं सारी कॉलनी म्हनायची. हे सांगायचे, सत्काराला मांडायला नेलं ते आलंच नाय. कुनाला पटंना. पोरा, मलापन नाय पटलं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तो बघ सत्काराचा फोटू."

सार्थकने भिंतीकडे पाहिलं. सावळीराम गांगुर्डेंना शाल पांघरणारे, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे गृहस्थ म्हणजे त्याचे पप्पा, नागरिक मंडळाचे अध्यक्ष प्रफुल्लराव. शाल-श्रीफळ दिलं आणि पदक घेऊन आले. व्यवहार म्हणून काही वाईट नव्हता.

पण सार्थकचे कान तापले ते म्हाताऱ्याचा चेहरा बघून. हे आजोबा त्यांच्या घरी दोनदा आले होते. पप्पा आत क्रिकेट बघत होते, आणि "पप्पा घरी नाहीत" असं दारात सार्थकनेच सांगितलं होतं.

"आजी, पदक एक दिवस आमच्याकडे राहू दे," तो कसाबसा म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण दिलं.

रात्री जेवताना सृष्टीने लाडीगोडी लावून विचारलं, "पप्पा, सत्काराला लोकांची पदकं मांडता, ती परत कोण करतं?"

"मी स्वतः. ज्याची त्याच्या हातात देतो," प्रफुल्लराव खुशीत म्हणाले. "आजवर एक हरवलेलं नाही."

सार्थकने पदक त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. "मग हे कुणाच्या हातात दिलं होतं?"

घास हातातच राहिला. "अरे, त्या दिवशी मुलांचं नाटकही होतं. आवराआवरीत गेलं असेल कपड्यांच्या पेटीत. बरं झालं सापडलं. उद्या कुरियरने पाठवून देऊ."

"आजोबा पदक विकून बसले, असं लोक म्हणायचे, पप्पा. त्यांचं गेलेलं नाव काय कुरियरने परत जाणार?" सार्थकचा आवाज फाटला. "ते आले तेव्हा तुम्ही घरात होतात. खोटं मी बोललो."

प्रफुल्लराव ताटावरून उठले. मुलाच्या नजरेला नजर काही त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते हाराचा पुडा घेऊन सातपूरला गेले. मालनबाईंनी हार बाजूला ठेवला. "आज बुद्धपौर्णिमा. सांजच्याला विहारात समदी येतील. तिथं सांगा."

माईक दिसला की सोडत नसत असे प्रफुल्लराव त्या संध्याकाळी माईकपासून चार हात लांब उभे राहिले. "पदक माझ्या हातून हरवलं. सावळीरामबाबा खरं बोलत होते," एवढंच बोलले. मग सार्थक पुढे झाला आणि दारातलं खोटं त्यानेही सांगून टाकलं.

मागच्या रांगेतले एक म्हातारे उठले. "विकलं असं पहिल्यांदा मीच बोललो होतो," ते म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

मग शाबासक्या सुरू झाल्या. "पोरांनी कॉलनीची लाज राखली," कुणी म्हणालं. सृष्टी आणि अश्विन फुलून गेले. सार्थक मात्र जमिनीकडे बघत होता.

मालनबाईंनी त्याची हनुवटी धरून वर केली. "मान खाली घालून आमचा मानूस गेला, लेकरा. तू नको घालू."

त्याने मान वर केली. पदक पदराला लावून त्या समोर उभ्या होत्या.