मागच्या सीटवरचा कॅट

आमची ओळख एका म्हशीने करून दिली. लोकांना वाटतं मी थट्टा करतेय, पण म्हैस खरीच होती. शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, सकाळी पावणेनऊला, दिल्लीच्या विकास मार्गाच्या मधोमध ती स्वस्थ उभी होती. मयूर विहारहून नारायणाला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसने कचकन ब्रेक मारला, आणि माझ्या मांडीवरचा पत्त्यांचा कॅट उडून बसभर पसरला.

"हाय रब्बा! आज तो सुबह-सुबह दिवाली हो गई!" मागच्या सीटवरून गुलाटीजी ओरडले.

चार्टर्ड बस म्हणजे रोजची तीच माणसं आणि त्याच जागा. आमच्या बसची मागची सीट पत्तेवाल्यांची. गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवायची, वर पेपर पसरायचा आणि ऑफिस येईपर्यंत सीप खेळायची. हा पंजाबी खेळ दिल्लीकरांच्या रक्तातच आहे म्हणा ना. जो हरेल त्याने चहा पाजायचा. तिथे तीन काका लोक बसायचे आणि चौथा एक तरुण, उंच, बाह्या दुमडलेला. मी त्याला कधी नीट पाहिलं नव्हतं… म्हणजे पाहिलं होतं, पण मुद्दाम नाही.

तोच उठला आणि सगळ्यांच्या पायांशी वाकून एकेक पान गोळा करायला लागला. बावन्न पानं जमली, पण ती माझ्या हातात देण्याऐवजी तो तिथेच उभ्या उभ्या पिसायला लागला. त्याची बोटं लांब होती. धावत्या बसमध्ये, खांद्याने दांड्याला टेकून, त्याने कॅटचे दोन भाग केले, अंगठ्यांनी टोकं सोडली… आणि पानं सरसर एकमेकांत शिरण्याऐवजी चारचार, पाचपाचच्या गठ्ठ्यांनी धप्पकन पडली.

"बहुत सुंदर हैं," तो म्हणाला. मी मनातून फुलले. "लेकिन जिसने भी बनाए हैं, उसने ज़िंदगी में कभी ताश नहीं खेली."

"आगाऊ कुठला!" मी पुटपुटले.

"आगाऊ नाही हो," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "खरं तेच बोललो. तुम्ही बनवलेत का?"

मला बस थांबवून त्या म्हशीपाशी उतरावंसं वाटलं.

पण खोटं काय होतं त्यात? मी खरोखरच कधी पत्ते खेळले नव्हते. आमच्या घरी पत्ते हातात धरणं म्हणजे वाया जाण्याची पहिली पायरी. माझे बाबा, पद्माकर टिपणीस, केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं घालवलेला माणूस. दिवाळीत कॉलनीभर तीन पत्ती रंगायची तेव्हा ते आम्हाला घेऊन खिडक्या लावून बसायचे. आणि त्यांच्या मुलीला, कमर्शियल आर्ट शिकलेल्या कादंबरीला, नारायणाच्या छापखान्यात पहिलं मोठं काम काय मिळावं? तर पत्त्यांचा कॅट!

गुडगावात शेतांमधून टोलेजंग इमारती उगवत होत्या. अशाच एका बिल्डरला दिवाळीत आपल्या गिऱ्हाइकांना वाटायला खास कॅट हवे होते, दोन हजार, मागच्या बाजूला त्याच्या नव्या टॉवरचं चित्र असलेले. आमचे मालक बत्रा साहेब म्हणाले होते, "कादंबरी, यह पास हो गया तो डिज़ाइन का डिपार्टमेंट तेरा. नहीं तो वापस शादी के कार्ड." दोन वर्षं मी कार्डांवर गणपती चिकटवत होते. आणखी गणपती चिकटवण्यापेक्षा मी जीव दिला असता. बरं, जीव नाही, पण राजीनामा नक्की.

म्हणून दुसऱ्या दिवशी राग गिळून मी मागच्या सीटशी गेले.

"काय चुकलंय ते सांगा," मी म्हटलं.

"बसा ना. उभ्याने शिकवणी होत नाही."

गुलाटीजींनी सरकून जागा केली, इतक्या तत्परतेने की मला संशयच आला.

त्याचं नाव चैतन्य सबनीस. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेला, आता आमच्याच मयूर विहारात राहणारा. राजेंद्र प्लेसच्या एका नव्या मोबाइल कंपनीत इंजिनियर होता. दिल्लीभर टॉवर उभे करायचा, पण स्वतःकडे फोन नव्हता. त्याच्या घरी दर रविवारी आई अरुणाताईंपासून सगळे पत्त्यांना बसायचे. बदाम सात, मेंढीकोट, झब्बू, ही नावंसुद्धा मी त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकली.

"हात पुढे करा," तो म्हणाला.

"कशाला?"

"भविष्य नाही बघत. तेरा पानं धरा."

त्याने माझ्या हातात पानं दिली आणि पंख्यासारखी पसरायला सांगितलं. मला काही जमेना. त्याने एका बोटाने माझा अंगठा जरासा खाली सरकवला… एवढंच. बस तेव्हा आयटीओच्या सिग्नलला उभी होती. तो सिग्नल मला त्या दिवशी पहिल्यांदाच छोटा वाटला.

"आता सांगा, कुठलं पान कुठे आहे?"

मला कळेना. मी आकडे नक्षीत गुंफून मधोमध काढले होते, कोपरे स्वच्छ मोकळे. पानं पसरल्यावर दिसतो तो फक्त कोपरा. माझ्या हातात तेरा सुंदर, कोरे कोपरे होते.

"चित्र भिंतीवर लावायचं असतं तेव्हा मध्य बघतात," तो म्हणाला. "पत्ता कोपऱ्यातून बोलतो."

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि तिथेच, त्यांच्या डावाच्या पेपरवर कोपऱ्यात आकडे काढायला लागले.

पुढचे दहा-बारा दिवस माझी सकाळ पावणेनऊला सुरू व्हायची. मी रोज नवा नमुना आणायची, मागची सीट तो खेळून बघायची आणि निकाल द्यायची. चकचकीत लॅमिनेशन गेलं, कारण त्यानेच पानं घामट हातांना आणि एकमेकांना चिकटत होती. त्याऐवजी बारीक दाणेदार पोताचा कागद आला, हात फिरवला तर सुती कापडासारखा लागणारा. पानांमध्ये हवा राहायला लागली आणि ती निसटायला लागली. पहिल्यांदा तो कॅट चैतन्यच्या हातात सरसर उतरला ना, तेव्हा तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. छापखान्यातल्या कुणालाही हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

"वा!" चैतन्य म्हणाला. मग एक पान काढून त्याने खिडकीच्या उन्हात धरलं. बदाम राणी. मी तिला नथ घातली होती आणि एक भुवई जराशी वर चढवली होती. "ही ओळखीची वाटते."

"कोण?"

"आहे एक. चूक दाखवली की अशीच बघते."

"मी अशी बघत नाही!"

"मी तुझं नाव घेतलं?"

'तुमचं' नाही, 'तुझं'. आम्ही दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर सातवणाची झाडं फुलली होती आणि त्यांचा जड, गोड वास डिझेलच्या धुरातूनही आत येत होता. मी सुखात होते, सरळ सांगते. कॅट पास होणार होता आणि रोज सकाळी ही बस होती.

मग गुलाटीजी जिंकायला लागले.

गुलाटीजी दोन वर्षं सलग चहा पाजत आले होते. आणि आता माझ्या नव्या कॅटवर ते तीन दिवस लागोपाठ जिंकले. "बेटी, तेरे पत्ते तो मेरे लिए लकी हैं!" असं म्हणून त्यांनी मला बर्फी दिली. मी बर्फी खाल्ली. चैतन्यने मात्र हातात घेतली नाही. तो दुसऱ्यांच्या हातातल्या पानांच्या पाठी बघत होता.

चौथ्या दिवशी मी चढले तेव्हा तो दारापाशीच उभा होता.

"कादंबरी, छपाई सुरू झाली का?"

"उद्यापासून. प्लेटा तयार आहेत. का रे?"

तो जरा घुटमळला. मग त्याने दोन पानं माझ्यासमोर पाठीकडून धरली. एकावर बिल्डरचा टॉवर सरळ होता, दुसऱ्यावर डोक्यावर उभा.

"गुलाटीजींनी सीपमधली गुणांची पानं, एक्के आणि चौकट दश्शी, उलटी फिरवून ठेवली होती. पाठीवरून त्यांना कळायचं, कुणाच्या हातात काय आहे."

मला हे समजायला एक क्षण लागला. साध्या पत्त्यांच्या पाठी खालून-वरून सारख्याच असतात, म्हणूनच त्यांवर नक्षी असते. मी इमारत काढली होती. इमारतीला वर आणि खाली असतं. दोन हजार कॅट, आणि प्रत्येकात लबाडीची सोय, माझ्या हातची.

"आत्ता सांगतोस?" मला रडू आलं. "उद्या छपाई आहे!"

"मला काल संध्याकाळी घरी पानं चाळताना कळलं."

"नसतं सांगितलंस तर? कुणाला कळलं असतं?"

"गुलाटीजींना," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आणि मला. रोज तुझ्याशेजारी बसून ते लपवणं मला जमलं नसतं."

मी पुढे जाऊन बायकांच्या सीटवर बसले आणि नारायणापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तो राजेंद्र प्लेसला उतरलेलाही मी पाहिला नाही… म्हणजे पाहिला, खिडकीच्या काचेत.

गप्प बसावं, हा विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी बत्रा साहेबांच्या टेबलावर दोन पानं ठेवली आणि सगळं सांगितलं. ते एवढे ओरडले की मशीनवरचे लोक काम थांबवून बघायला आले. शेवटी त्यांनी बिल्डरला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "तू ही बता!"

मी सांगितलं. मग बिल्डर म्हणाला, "मेरे नाम की गड्डी से, दिवाली के दिन, किसी की चोरी पकड़ी गई तो? मेरी तो नाक कट जाती, मैडम! बदलिए. कल तक."

संध्याकाळी सहापर्यंत मी नवी पाठ काढली. दोन टॉवर, एक वरून आणि एक खालून, मध्ये एकच आभाळ. कशीही फिरवा, सारखीच दिसते. मूळ चित्रापेक्षा ती कितीतरी छान झाली होती, आणि ते मला ज्याला सांगायचं होतं त्याच्याशी मी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच मागे गेले. "पाठ बदलली," मी म्हटलं. "आणि… थँक यू."

"आता डिपार्टमेंट तुझं?"

"माझं."

तो हसला, पण पुरतं नाही. "छान झालं. मग जुना कॅट मला दे. आठवण म्हणून. दिवाळीनंतर आमचं ऑफिस गुडगावला हलतंय. ही बस सुटेल माझी."

मी कॅट दिला आणि "अच्छा" म्हटलं. दिल्लीत वाढलेली माणसं सगळ्यालाच 'अच्छा' म्हणतात, त्यात काही अर्थ नसतो. पण त्या दिवशी छापखान्यात दोन हजार कॅटांची पहिली खेप सरसर कापली जात होती आणि मला तो आवाज नकोसा झाला होता.

धनत्रयोदशीला त्याचा शेवटचा दिवस होता. मागच्या सीटवर त्याच्यासाठी लाडूंचा डबा आला होता. डाव मांडलेला नव्हता. मी जाऊन बसले तसा त्याने जुना कॅट माझ्यापुढे धरला.

"पंखा करून दाखव. शिकवलेलं लक्षात आहे का बघू."

मी अंगठा जरासा खाली सरकवला आणि पानं पसरली, पाठी माझ्याकडे. बावन्न टॉवर. सगळे सरळ, ओळीने… नाही, सगळे नाही. मधला एक डोक्यावर उभा होता.

मला दिसला. पण मी न दिसल्यासारखं केलं. मागची अख्खी सीट माझ्या हातातल्या पंख्याकडे वाकून बघत होती, कारण उलट्या पानाची युक्ती आता त्यांना पाठ होती.

"बेटी," शेवटी गुलाटीजींना राहवेना, "बीच में देख. मेरी कसम, इस बार मैंने नहीं किया."

मी ते पान ओढलं. बदाम राणी. नथ, आणि वर चढलेली भुवई. कोपऱ्यात, आकड्याच्या खाली, पेनाने बारीक अक्षरांत लिहिलं होतं : "बस सुटली तरी तू सुटू नयेस. मला तू आवडतेस."

"हे तोंडाने सांगता येत नव्हतं?" मी विचारलं.

"तीन आठवडे प्रयत्न करतोय. दर वेळी आयटीओ येतं आणि धीर सुटतो." त्याचे कान लाल झाले होते. ज्या बोटांतून कधी पान निसटत नसे ती बोटं ब्रीफकेसच्या कडीशी चाळा करत होती.

मी कॅट उचलला, त्याच्याकडे पाठ फिरवली, एक पान शोधलं, उलटं केलं, आत सरकवलं आणि पिसला. होय, मी पिसला, आणि पानं सरसर उतरली! मग पंखा करून त्याच्यापुढे धरला.

"ओढ."

त्याने ओढलं. बदाम गुलाम.

"गुलाम?" तो म्हणाला. "राजा नाही?"

"एकदम राजा? आधी प्रोबेशन."

"आणि कन्फर्मेशन?"

"ते बाबांच्या हातात. लक्ष्मीपूजनाला घरी ये. अरुणाताईंनाही आण. बाबांना बदाम सात शिकव. जमलं तर बघू."

"आणि न जमलं तर?"

"तर मी शिकवीन त्यांना," मी म्हटलं, आणि तिथेच, सगळ्या काका लोकांसमोर, त्याचा हात धरला.

त्याने गुलाम शर्टाच्या खिशात ठेवला, टॉवर डोक्यावर उभा करूनच. मी राणी पर्समध्ये टाकली. उरलेला पन्नास पानांचा कॅट आम्ही गुलाटीजींना देऊन टाकला. राजेंद्र प्लेस आलं तरी चैतन्य उतरला नाही. नारायणाला आम्ही सगळेच उतरलो, आणि चहाचे पैसे त्या दिवशी, कुणीही हरलेलं नसताना, गुलाटीजींनी दिले.