ल लिहायचा होता...

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे. गोष्ट एका अक्षराएवढीच आहे. ल आणि ळ हे दोन भाऊ. त्यातल्या एकाच्या पाटावर दुसरा जाऊन बसला, आणि एका बाईचं आयुष्य... पण नको. सांगणाऱ्याने घाई केली की सूर निसटतो. पहिल्यापासून ऐका.

एक छोटं गाव होतं. बस तिथपर्यंत यायची आणि चौकात वळून परत जायची. पुढे रस्ताच नव्हता. त्या चौकात घड्याळजींचं दुकान. घड्याळजी गेले तेव्हा भिंतीवरची घड्याळं एकेक करून आपापल्या वेळेला थांबली. चावी द्यायला कोणी नव्हतं.

मग त्यांची मुलगी आली. वय चौतीस. शाळेपासून शहरातच राहिलेली, आणि तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारून आलेली. बोलणं जेवढ्यास तेवढं. ती म्हणाली, "इथे पुस्तकं ठेवीन. आणि कॉफी."

तिचा दादा कपाळाला हात लावून बसला. "अगं शहाणे, या गावात लोक वर्तमानपत्रसुद्धा शेजारच्याचं वाचतात!"

"मग कॉफी प्यायला येतील."

"बरं. पाऊस संपेपर्यंत करून बघ. नाही जमलं, तर मुकाट्याने आमच्याकडे राहायला यायचं. पोरांना आत्या हवीच आहे."

दादा मायेनेच बोलला. पण तिला त्या वाक्याचा शेवट दिसला – दुसऱ्याच्या घरातली टोकाची खोली, दुसऱ्याच्या पोरांचे डबे, आणि जन्मभर नुसती आत्या. तिने मान हलवली. पाऊस संपेपर्यंत.

आता त्याची आणि तिची गाठ कशी पडली ते सांगते. ती शिडीवर चढून दाराची वरची काच पुसत होती. बाहेर भुरभुर चालू होती. शिडी डगमगायची थांबली म्हणून तिने खाली पाहिलं, तर एक माणूस दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. नखांत हिरवा रंग, कानामागे ब्रश.

"सोडा, मी करीन," ती काचेकडे वळून म्हणाली.

शिडी काही सुटली नाही.

"अहो, ऐकू येत नाही का? सोडा म्हटलं ना!"

शिडी तशीच धरलेली. ती तणतणत खाली उतरली आणि त्याच्या समोर उभी राहिली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "मला म्हणालात?"

"नाही, शिडीला!"

तो हसला. "शिडी माझीच आहे. तुमच्या वडिलांनी मागून नेली होती, तीन वर्षांपूर्वी."

हा गावातला पेंटर. गावातली एकूण एक पाटी त्याच्या हातची. घड्याळजींच्या दारावरची 'घड्याळ दुरुस्ती' ही त्याची पहिली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आता छत्तीसचा. आई होती तोवर तिच्यासाठी घरी लवकर जायचा. आता उशिरा गेलं काय आणि लवकर गेलं काय.

"नाव काय घालायचं?" त्याने विचारलं.

ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची अशी विचित्र ठेवलेली, की खिडकीचा उजेड थेट बसणाऱ्याच्या तोंडावर. हलवावीशी वाटायची, पण हात झाला नव्हता.

"वाचाल?" ती म्हणाली. "पुढे प्रश्नचिन्ह. आणि खाली – पुस्तकं आणि कॉफी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ओठांकडे. इतका वेळ, की तिचे कान गरम झाले. "आणखी काही?" तिने विचारलं.

"नाही... कळलं," तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळच्या बसचा कंडक्टर, शाळेच्या दोन बाई आणि चौकातली चार माणसं जमली. पेंटरने कापड ओढलं. हिरवी, गोलाईदार, डोळा ठरत नाही अशी सुंदर अक्षरं –

वाचाळ?
पुस्तके आणि कॉफी

सगळ्यांनी मान वर करून वाचलं. मग कंडक्टर. "वाचाळ? कोण, ताई? अहो, यांच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते!"

असा काही हशा पिकला म्हणता! ती आत गेली आणि कॉफीच्या यंत्रामागे तोंड लपवून रडली. आयुष्यात एकच गोष्ट धीर करून मांडली, आणि तिच्या माथ्यावर हे अक्षर.

पेंटर आत आला. चेहरा पांढराफटक. "जुन्या पाटीवरचा ळ होता ना, 'घड्याळ'मधला... हातात तोच बसला. बदलतो. पण रंग या ओलाव्यात धरणार नाही. पाटी कोरडी व्हायला हवी."

"मग कोरडी झाली की या," ती डोळे पुसत म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला. पाटीला बोट लावलं. "ओली आहे." मग कॉफी घेतली. तिसऱ्या दिवशी आला. "ओली." चौथ्या दिवशीही.

इकडे नवलच झालं. पुस्तकाच्या दुकानात पाय टाकायला बिचकणारी माणसं त्या पाटीखालून बिनधास्त आत येऊ लागली. 'वाचाळ' म्हटल्यावर बोलायला परवानगीच! "चल, वाचाळमध्ये बसू," असं म्हणायला लागले. कंडक्टर तर रोज दारातूनच ओरडायचा, "ताई, पाटी खरी करायला आलोय!" बोलता बोलता कोणी पुस्तक हातात घ्यायचं, आणि दहातला एखादा ते घरी न्यायचा.

पण दुपारी बारा पन्नासची बस गेली, की चौक रिकामा. पाच वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. बाबांचं एकच घड्याळ तिने चालू ठेवलं होतं. त्याची टिकटिक भिंतीला लागून परत यायची. दोन कप विसळून ठेवायची आणि एकच भरायची. दिवसभर इतक्यांचं बोलणं ऐकलेलं, पण तिला कोणी काही विचारलेलं नसायचं. एकटेपण म्हणजे माणसं नसणं नव्हे हो. आपलं काही कोणापर्यंत पोचत नाही, ते एकटेपण.

आणि नेमका त्या वेळी पेंटर यायचा.

"आज तर ऊन पडलंय," ती म्हणायची.

"वरवरचं. लाकडाच्या आत ओल असते."

"तुम्हाला बरं आतलं दिसतं?"

"लाकडाचं दिसतं." मग कपावरून बघत, "माणसांचं... शिकतोय."

"कोणाकडून?"

"आहे एक वाचाळ बाई."

ती फडकं उगारायची आणि तोंड फिरवून हसायची. तो म्हणायचा, "इकडे बघून हसा ना. तिकडे हसलेलं वाया जातं." तिला वाटायचं, काय चावट माणूस! मनातून बरंच वाटायचं. देवाने सुख अशाच लहान वाटीत वाढून ठेवलेलं असतं, आणि आपण परातीची वाट बघत बसतो.

पावसाचे शेवटचे दिवस आले. त्या दुपारी तो मांडणीकडे तोंड करून उभा होता. बाबांचं सुट्ट्या भागांचं कपाट होतं ते. खणांवर अजून 'काटे', 'स्प्रिंगा' असं लिहिलेलं. तो एक खण उघडून आतल्या वाचनखुणा बघत होता. त्याची पाठ बघून तिला धीर आला. समोरून जमलं नसतं.

"तुम्ही येता ना," ती म्हणाली, "तेवढीच माझी दुपार लहान होते. पाटी कोरडी झाली तरी... येत जा."

टिकटिक. टिकटिक.

तो वळला नाही. त्याने खण हळूच बंद केला, दुसरा उघडला. मग घड्याळाकडे बघून, "निघतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

तिने त्याचा कप उचलला. अर्धी कॉफी तशीच होती. कप हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली... चौतिसाव्या वर्षी माणूस असं बोलून बसतं, आणि मग ते बोलणं ठेवायला घरात जागा सापडत नाही.

दोन दिवसांनी सकाळी दादा आला. दुकान बघून खूश झाला. "अगं, चाललंय की! मी उगाच..." मग तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तू? संध्याकाळी दार लावल्यावर कोणाशी बोलतेस?"

दोन दिवसांपूर्वी तिच्याकडे याचं उत्तर होतं. आता ती फरशीकडे बघत राहिली.

"चल घरी," दादा हळू आवाजात म्हणाला. "उद्या सकाळी गाडी घेऊन येतो."

ती "बरं" म्हणाली.

दुपारी पेंटर आला. पाटीला बोट लावायला हात वर केला, तेवढ्यात ती दारात आली. "राहू दे आता. मी जातेय उद्या. कायमची."

त्याचा हात वरच राहिला. "का?"

"का म्हणून काय विचारता! मी काय बोलले ते ऐकलंत आणि वळलातसुद्धा नाही!"

"कधी?"

"परवा! त्या कपाटापाशी उभे होतात तेव्हा!"

"कपाटाकडे... तोंड करून?"

"मग काय, पाठ करून?"

तो मटकन पायरीवर बसला. हसू आलं होतं की रडू, सांगता येत नव्हतं. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. डाव्या कानाने जरासं, तेही शेजारी बसून बोललं तर. बाकी सगळं ओठांवरून. आई गेल्यावर गावात हे एकाच माणसाला माहीत होतं. तुमच्या वडिलांना."

तिच्या डोळ्यांसमोर शिडी आली. 'इकडे बघून हसा' आलं.

"म्हणजे तो ळ..."

"ओठांवर ल आणि ळ सारखेच दिसतात हो. फरक आत असतो, जिभेपाशी. म्हणून मी सगळ्या गिऱ्हाइकांकडून नाव लिहून घेतो. चूक होत नाही."

"मग माझ्याकडून का नाही घेतलंत?"

त्याने दारातून आत खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही त्या खुर्चीत बसला होतात. तोंडावर उजेड होता. वाटलं, हिचं तरी... न लिहिता कळावं." तो उठला. "परवा काय म्हणालात?"

तिने तोंड उघडलं. पण समोरून ते धाडस होईना. "काही नाही," ती म्हणाली.

हे त्याला नीट वाचता आलं. तो शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. दादाची गाडी चौकात, तिच्या दोन बॅगा दारात, आणि सकाळची बस वळता वळता थांबलेली. कंडक्टर पायरीवरून मान उंच करून वर बघत होता. तिनेही वर पाहिलं.

'वाचाळ?' जिथल्या तिथे होतं. त्याखाली दोन हुकांना एक नवी, अरुंद फळी टांगलेली. हिरवा रंग अजून चमकत होता –

थांबाल?

शिडीच्या पायथ्याशी पेंटर. नखांत रंग, कानामागे ब्रश. "या वेळी ल आहे," तो म्हणाला. "चार वेळा तपासला." मग चाचरत, "फळी... ओली आहे अजून. वाळायला वेळ लागेल. निदान तोवर?"

"किती लागेल?" तिने विचारलं.

"आतली ओल आहे. माझ्या हिशेबाने... जन्म जाईल."

कंडक्टर खाली उतरला. "ताई, बोला हो काहीतरी! बस खोळंबलीय!"

ती पेंटरच्या अगदी समोर गेली. उजेडात तोंड धरलं आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी, काहीतरी म्हणाली. तो वाचत होता. एवढं मन लावून कोणी तिला आजवर वाचलं नव्हतं.

"काय म्हणाली?" दादा म्हणाला. "अरे, काय म्हणाली ती?"

"मला कळलं," पेंटर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ज्यांना ऐकू येतं, त्यांच्यासाठी मोठ्याने सांगा."

"थांबेन!" ती ओरडली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, चौकभर ऐकू जाईल असं.

दादाने मुकाट्याने दोन्ही बॅगा उचलल्या आणि परत आत नेऊन ठेवल्या.

ते दुकान अजून आहे. पाटीवरचा ळ कोणी बदलू दिला नाही. बारा पन्नासची बस गेली की अजूनही चौक रिकामा होतो, टिकटिक भिंतीला लागून परत येते. पण आता दोन्ही कप भरलेले असतात, आणि ती बाबांच्या त्याच खुर्चीत बसून बोलत असते. खुर्ची तशी का ठेवलीय, हे तिला आता ठाऊक आहे.

आता उठताना एवढं करा. त्या दोघांना नाही आठवलंत तरी चालेल, ते सुखात आहेत. आठवण ठेवा घड्याळजींची. सोळा वर्षं एका पोराला आपलं बोलणं दिसावं म्हणून त्यांनी उन्हाची तिरीप डोळ्यांवर घेतली, खुर्ची हलवली नाही. आणि ती अशी का, हे पोटच्या लेकीलासुद्धा सांगितलं नाही.