बैलांच्या शिंगांपलीकडचा उजेड

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. शाळेचं घड्याळ आमच्याच ओटीवर टांगलेलं असतं आणि मालनला दुपट्यात गुंडाळताना माझी नजर त्यावर गेली, म्हणून नक्की सांगते. शके अठराशे वीस, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. चंद्र उगवणार तो पहाटे.

मालन माझी मुलगी. चौदा महिन्यांची. दोन दिवस अंगात ताप होता आणि त्या दुपारपासून श्वासाला घरघर लागली होती, ओल्या लाकडात करवत ओढावी तशी. पाजायला घेतलं की तोंड फिरवायची. हे शीळच्या शाळेचे मास्तर; कामासाठी ठाण्याला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी यायचे. डॉक्टर कल्याणला, म्हणजे दोन तासांची वाट.

सासूबाई म्हणाल्या, "सकाळी निघू."

मी म्हटलं, "सकाळपर्यंत ही राहील असं लिहून द्या मला."

असं उलट मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि दमणीत जाऊन बसल्या. दमणी म्हणजे आमची टप घातलेली दोन बैलांची गाडी, सासऱ्यांच्या वेळची.

त्या दमणीच्या दिव्याचं आधी सांगायला हवं. तो दिवा माझ्या हट्टाचा.

पूर्वी गाडीला करंजाच्या तेलाचा कंदील असे. त्याचा उजेड बैलांच्या शिंगांपर्यंत, पुढे काळोख. दसऱ्याला सोनं देऊन परतताना चाक मोरीत गेलं आणि मालन टपाच्या कमानीवर आपटली. तिच्या उजव्या पायातला चांदीचा वाळा चेपला. पायाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मला झोप नाही. रोज ह्यांच्या मागे लागले, दिवा मोठा करा, दिवा मोठा करा. शेवटी ह्यांनी कल्याणहून विठ्ठल तांबटाला आणलं.

विठ्ठलनं कंदील हातात धरून उलटासुलटा पाहिला. "मास्तरीणबाई, जो तो सांगतो वात वाढव. वात वाढवून काय व्हायचं? धूर! वातीला तेलच पोचत नाही, ही खरी अडचण. ही नळी पाहा, गवताची काडी जायची नाही हिच्यातून. तुमचा दिवा उपाशी आहे."

त्यानं ती नळी काढून टाकली. कमानीला वर घासलेटाचा पत्र्याचा डबा बसवला, तिथून बोटाएवढी जाड शिशाची नळी खाली उतरवली, तिला पितळी तोटी. शेजारी शेजारी दोन चपट्या वाती, पुढे काच. मागे उजेड फेकायला चकाकतं काही हवं होतं, म्हणून मी माझ्या रुखवतातलं पितळी ताट दिलं. त्यानं ते ठोकून वाडग्यासारखं खोलगट केलं, चिंचेनं घासलं. पहिल्या संध्याकाळी दिवा लावला तर चाळीस पावलांवरच्या निर्गुडीचं पान न् पान मोजता यावं! हे हसून म्हणाले, "आता सूर्याला कामावरून काढू या." सासूबाई म्हणाल्या, "रुखवतातलं ताट बैलांपुढे टांगणारी सून पहिलीच पाहिली."

आमचा गाडीवान गुणाजी मात्र हसला नाही. मोठ्या दिव्याकडे पाठ करून, बैलांकडे बघत मला म्हणाला, "बाय, दिवा शिंगांपातूर पुरे. त्याच्याफुडचा आपला नाय."

तो असं का म्हणाला, ते मला ठाऊक होतं. आमच्या वाटेची एक जुनी रीत आहे. दिवेलागणीनंतर रस्त्यात कोणी लेकुरवाळी चालताना दिसली, तर गाडी थांबवायची आणि तिला बसवायचं. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. ही रीत कोणी मोडत नाही. पण गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला तेव्हा गावोगावच्या वेशींना काट्या लागल्या, घराबाहेर काढलेली माणसं रस्त्यावर आली आणि गाडीवानांनी आपापल्या वाती खाली घेतल्या. दिसलंच नाही, तर बसवायचं कुठून? रीत तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मी पुढे गुणाजीच्या मागे बसले, मला वाट दिसायला हवी होती. मालनला मागे सासूबाईंच्या मांडीवर दिलं. पाठीमागून घरघर ऐकू येत होती. घरघर येतेय तोवर ती आहे, असा हिशेब मी मनाशी धरला होता.

काटई गाव मागे पडलं. पुढे एका पाड्याशी गुणाजीनं बैल थांबवले. मालनच्या छातीला शेक द्यायला थोडं गरम पाणी मागावं म्हणून मी हाक मारली. आमचा दिवा थेट त्यांच्या अंगणात पडला होता. दारं उघडी होती, ती एकामागून एक लागत गेली. एक बाई तेवढी कुडाआडून बोलली.

"कोन आजारी हाय?"

"माझी मुलगी. थोडं पाणी..."

"ताप हाय?"

मी पुन्हा पाणीच मागितलं.

"मंग फुडं जा. हितं थांबू नका. आनि त्यो दिवा बारीक करा, आमच्या घरात घालू नका!"

अंधारातून एक ढेकूळ आलं. दिव्यावर नाही, वर कमानीवर बसलं. माती माझ्या केसांत पडली. गुणाजीनं बैल हाकले. मागे सासूबाई पुटपुटल्या, "लोकांच्या दारात एवढा उजेड पाडल्यावर काय ओवाळतील?"

त्यानंतर तळ्याचा बांध लागतो. दोन्हीकडे पाणी, मधून गाडीवाट. कुजलेल्या शेवाळाचा वास. बेडूक नाही, किडा नाही, फक्त बैलांचे खूर आणि मागची घरघर.

उजेड जिथे संपत होता तिथे कोणीतरी चालत होतं.

पाठमोरी बाई. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, खांद्यावर पोर. पोराचं तोंड आमच्याकडे. बैल दुडक्या चालीनं पळत होते, ती सावकाश चालत होती, आणि मधलं अंतर काही कमी होत नव्हतं.

गुणाजीनं मान खाली घातली.

"बाय... बगू नका."

"कोण आहे रे ती?"

"तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. गेल्या फाल्गुनात याच बांधावरून आम्ही कल्याणहून येत होतो. पाच महिन्यांची मालन माझ्या मांडीवर होती. काळोखातून आवाज आला, "दादा, माझं जाऊ दे... लेकराला तरी घ्या." जुन्या कंदिलाच्या उजेडाच्या कडेला दोन अनवाणी पाय आले आणि वर लोंबणारा एक लहानसा पाय. वर्षाचं लेकरू असेल. पायात काळा दोरा, दोऱ्यात शिंपला. गुणाजीनं कासरा खेचला होता. सासूबाई गप्प होत्या. आजवर हे मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. "गुणाजी, वात खाली घे," असं म्हणाले ती मी.

चार दिवसांनी कळलं, बांधाखाली एक बाई सापडली. लेकराबद्दल कोणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. आता माझी मालन तेवढी झाली होती.

"दिसलं नाय म्हंजे सुटलो," गुणाजी म्हणाला आणि सवयीनं हात पुढे करून त्यानं वाती खाली घेतल्या.

चाळीस पावलांचा उजेड विसांवर आला.

आणि ती वीस पावलांवर होती. वळली नव्हती, थांबली नव्हती. उजेडाची कड मागे सरकली तशी तीही सरकली. पाठमोरीच. खांद्यावरच्या पोराचे डोळे आता मला दिसत होते.

"वर कर!" मी ओरडले. "गुणाजी, वाती वर कर!"

त्यानं केल्या. ज्योत वाढली नाही. उलट बसत चालली. तेव्हा मला घासलेटाचा वास आला, आणि गुणाजी मानेवरून हात फिरवून म्हणाला, "वरून तेल गलतंय." मी नळीला हात लावला. ढेकूळ बसलं होतं तिथलाच सांधा उकलला होता. वरून आलेलं तेल वाती सोडून आमच्या अंगावर पडत होतं. मी पदराचं टोक सांध्याला गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. तेल कोपरांपर्यंत ओघळलं. उजेड पंधरा पावलं. दहा. तिच्या पाठीवरचं ओलं लुगडं दिसू लागलं, त्यावरचं शेवाळ दिसू लागलं. बैल थांबले. त्यांनी शेपट्या पायांत घातल्या. मागची घरघर आता तुटक येत होती... एक... मग बराच वेळ नाही... मग एक.

उजेड शिंगांवर आला. जुन्या कंदिलाचा होता, तेवढाच. ती दोन्ही बैलांच्या मध्ये उभी होती.

मला देव आठवला नाही, स्तोत्र आठवलं नाही. फाल्गुनात जे म्हणायला हवं होतं तेवढंच तोंडातून आलं.

"बाई... मागे जागा आहे. बसा."

तिनं वळून पाहिलं असेल. मला सांगता यायचं नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यांदा.

दमणीची मागची बाजू खाली दबली.

दिवा एकदम भडकला. बांध शेवटपर्यंत उजळला, आणि त्यावर कोणी नव्हतं. गुणाजीनं बैल हाकले. बैल भात भरलेली गाडी ओढावी तसे मान घालून ओढत होते. माझे हात सांध्यावर होते, सोडले तर दिवा जाणार, म्हणून मला मागे वळता येईना. पण कान मागेच होते. सासूबाईंचा आवाज नाही. श्वास मात्र दोन. एक घरघरणारा, एक स्वच्छ.

"सासूबाई? मालन कशी आहे?"

मी पुन्हा हाक मारली.

"अहो, बोला ना..."

"तू पुढे बघ," त्या म्हणाल्या. तो आवाज त्यांचाच होता, पण असा हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कल्याणचे पहिले दिवे दिसले तेव्हा दमणी हलकी झाली. बैल उधळल्यासारखे पळाले. मागे एकच श्वास राहिला. स्वच्छ.

डॉक्टरांनी मुलीला दिव्यापाशी घेतलं, घसा पाहिला, पाठीला कान लावला. माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. "हिला काय झालंय म्हणता? ताप नाही, कफ नाही. भूक लागली आहे तिला." मी तिथेच कोपऱ्यात तोंड फिरवून पाजायला घेतलं. दोन दिवस तोंड न लावणारी मुलगी दोन्हीकडचं प्यायली आणि तरी रडली. मग मांडीवरून उतरली आणि फरशीवरून चालत गेली.

माझी मालन भिंत धरून उभी राहायची. चालत नव्हती.

उजेड संपत होता तिथे जाऊन ती थांबली, आमच्याकडे पाठ करून. पायात चांदीचे वाळे नव्हते. काळा दोरा होता. दोऱ्यात शिंपला.

तोंड मालनचं आहे. कानामागचा तीळ आहे. मी रोज बघते, आहे. हे म्हणतात, सासूबाईंनी दृष्टीचा दोरा बांधला असेल, वाळे वाटेत पडले असतील, आणि तापातून उठलेली मुलं चालतातच एकदम. सासूबाई त्या दिवसापासून तिला उचलून घेत नाहीत. मला त्या एकदाच बोलल्या, तुळशीपाशी, माझ्याकडे न बघता. "त्या काळोखात माझ्या मांडीवर दोन होती, सूनबाई. एकाची घरघर थांबली. मग तिनं एक उचललं. कुठलं, ते मला दिसलं नाही. मागे उजेड नव्हता."

विठ्ठल तांबटाकडून मी दुसरा दिवा करून घेतला आहे. तो दमणीच्या मागच्या बाजूला लावला आहे.

हे लिहिते आहे तेव्हा ती जागी आहे. समई जिथवर पोचते तिथे उभी आहे, बाहेर तोंड करून. हाक मारली तर वळत नाही.

शीळ-कल्याण वाटेनं जाणाऱ्या येणाऱ्यांना, गाडीवानांना, बाजाराला जाणाऱ्या बायकांना एवढा निरोप सांगा. वाती खाली घेऊ नका. बांधावर कोणी लेकुरवाळी दिसली, तर आधी तिच्या कडेवरच्या पोराच्या पायांकडे बघा. चांदीचे वाळे असतील आणि उजवा चेपलेला असेल, तर गाडी थांबवा, तिला बसवा, आणि शीळच्या मास्तरांच्या घरापर्यंत आणा. कितीही वाजलेले असोत. दिवा मोठा आहे, लांबून दिसेल.