बरी होऊन गेलेली म्हातारी

फोन आला तेव्हा आरोग्य ऑफिसच्या तपासणीबाईंच्या तोंडात चहाचा पहिला घोट होता. खालच्या दवाखान्यात आणखी एक म्हातारी न्यूमोनियाने गेली होती. ऑफिसात ठरलंच होतं, दिवसा पाहणी उरकायची आणि संध्याकाळी तिथल्या मेट्रनला निलंबित करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ऑफिसाची जुनी खोड.

बाई चहा टाकून निघाल्या. सगळा हिवाळा या एका कोड्याने खाल्ला होता. फ्लूची साथ दोन्हीकडे सारखीच. पण नदीकाठच्या खालच्या भागात माणसं पटापट मरत होती आणि टेकडीवर न्यूमोनियाचा एकही मृत्यू नाही. ऑफिसातले शहाणे आधी म्हणाले, खालची हवा वाईट. मग म्हणाले, खालची माणसं निष्काळजी. हवेला आणि माणसांना कामावरून काढता येत नाही, म्हणून आता मेट्रनची पाळी.

म्हातारी अजून खाटेवरच होती. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं. सून उशाशी उभी.

"दात नव्हते यांना?"

"कवळी होती."

"कुठंय?"

सून गडबडली. घरी राहिली म्हणाली. आजार कधीचा, औषध कुणाचं, काहीही विचारा, तिचं एकच पालुपद: घरीच होत्या, घरूनच आणलं.

मेट्रनचा आवाज बसला होता. सगळे असेच येतात म्हणाली, शेवटची धाप लागली की. कुठून आणलं विचारलं तर घरून. "मी काय देव आहे?"

"देव असता तर आमच्या लोकांनी त्यालाही निलंबित केलं असतं," बाई म्हणाल्या आणि टेकडी चढू लागल्या.

वरच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर बाईंच्या लेकीचे सासरे. चकचकीत फरशी, भिंतीवर चांगल्या कामाची ढाल. "या विहीणबाई," म्हणत त्यांनी चहा मागवला. आमच्याकडे माणूस बरा होतो तो शिस्तीने, हे ऐकवलं. बाईंनी चहा घेतला नाही. वॉर्ड पाहिला.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर नवी चादर होती. शेजारच्या कपाटावर वाटीभर पाण्यात कवळी.

"ही कुणाची?"

"काल एक म्हातारी बरी होऊन गेली. पोटभर जेवली आणि चालत घरी गेली."

"जेवली कशानं?"

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. वाटी उचलून त्या तशाच खाली उतरल्या.

वाटी पाहिली आणि सून मटकन खाली बसली. मग सगळं बोलली. बाई तिला घेऊनच पुन्हा टेकडी चढल्या. गुडघे बोंबलत होते, डोकं त्याहून जास्त.

"तुमच्या वॉर्डात कुणी मरत नाही, कारण तुम्ही मरू देतच नाही," डॉक्टरांसमोर उभं राहून बाई म्हणाल्या. "माणूस हाताबाहेर गेला की बरा झाला म्हणून गाडीत घालता. घरच्यांना सांगता, एका दवाखान्याने सोडलेलं माणूस दुसरा घेत नाही, तेव्हा घरून आणलं म्हणा. ते बिचारे भीतीने तेच म्हणतात. मरण मोजलं जातं शेवटचा श्वास सुटला तिथं. हवा दोन्हीकडची एकच आहे. तुम्ही मरणं तेवढी उतारावरून खाली सोडत होतात."

"आकडे वाढले असते तर तुमच्या ऑफिसने दवाखाना बंद केला असता," डॉक्टर म्हणाले. "मी तो वाचवला." मग आवाज खाली आला. "विहीणबाई, तुमच्या मुलीचा संसार आहे आमच्या घरात."

"तो ती बघेल. आमच्या तोंडात आमचे स्वतःचे दात आहेत, ते तुम्ही काढून ठेवू शकणार नाही."

बाईंनी त्यांच्याच टेबलावरून ऑफिसला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. लेखी द्या. पुन्हा लावला. निलंबनाचा कागद सहीला गेलाय. मग बाई डॉक्टरांच्याच खुर्चीत बसल्या आणि ऑफिस कंटाळेपर्यंत फोन लावत राहिल्या. शेवटी कागद सहीविना परत आला.

ते त्यांनी फोनवर मेट्रनला कळवलं. आभार वगैरे काही नाही.

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "आता तिथं कोण धापा टाकतंय? त्याला हलवू नका. मी वर येते."

टेकडीवरचा हिवाळ्यातला पहिला मृत्यू दुसऱ्या दिवशी झाला. माणूस आपल्याच खाटेवर होता, आणि मेट्रन उशाशी बसलेली होती.