घागर ठेवायची जागा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण रचना माझी मावसबहीण आहे, आणि खोटं रचून सांगायलाही अंगात त्राण लागतं. तिच्यात आता तेवढं उरलेलं नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. बेळगावातली एक प्रयोगशाळा. तीही भर दुपारची...

रचनाचं पीएच.डी.चं सहावं वर्ष. स्कॉलरशिप संपलेली, मुदत महिनाअखेर. एका दगडाचं वय तेवढं काढायचं राहिलं होतं. ते निघालं नाही तर सहा वर्षं पाण्यात.

दगड खानापूरच्या पुढे, रानातल्या एका झऱ्याचा. त्या पाण्यात चुना फार, जाईल तिथे पांढरे थर बसतात. थरांत थोडं रेडियम असतं. ते काळाबरोबर कमी होत जातं. किती उरलं ते मोजलं की थर कधीचा ते कळतं.

पण थर स्वच्छ हवा. माती मिसळली की वय चुकतं. आणि स्वच्छ थर एकाच ठिकाणी होता. काठावर, घागरीच्या बुडाएवढ्या गोल खळग्यात.

"ती जागा सोड, बाई," पाणी भरायला आलेली अंबुबाई म्हणाली. "चारला ती तितं घागर ठेवती. आमी बी तवा गप हुबं ऱ्हातो."

"ती कोण?"

अंबुबाईनं घागर उचलली आणि ती चालू लागली.

रचना दमली होती. तीनची बस गेली तर दुसरी नव्हती. अंबुबाई दिसेनाशी होताच तिनं छिन्नी लावली.

दगडाची पूड झाली. तीन आठवडे डबीत बंद राहिली. मग मोजणी. एका किरणाला एक टिक.

टिक... टिक टिक... टिक...

चार वाजता टिकटिक थांबली.

चार मिनिटं. साफ शून्य.

मग पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी तिनं डबी काढून यंत्र रिकामंच चालवलं. रिकाम्या यंत्रातही टिकटिक असते. भिंतीत, फरशीत, आपल्या हाडांतही थोडे किरण असतातच.

चार वाजले... शून्य.

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता. फक्त घागर भरताना येतो तसा एक आवाज... आधी घुमणारा, मग वर वर चढत जाणारा.

रचनाला रडू आलं. भीतीपेक्षा थकव्यानंच. परत नेऊन ठेवावा, तर दगड उरला होता कुठे?

मग तिनं ती चार-चार मिनिटं नोंदीतून काढून टाकली. कारण लिहिलं, यंत्रातला बिघाड. वय निघालं. प्रबंध वेळेत गेला. पदवीही मिळाली.

घरी तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही.

हिंडलग्याला रचनाच्या घरी, स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आता एक पांढरं वर्तुळ उमटलंय. घागरीच्या बुडाएवढं. घासून जात नाही. दर महिन्याला हाताला थोडं जाड लागतं. ते मोजायची तिची हिंमत नाही.

मागच्या आठवड्यात, चारच्या सुमारास, तिनं चहासाठी नळ सोडला. मावशी, म्हणजे तिची आई, दाराशी वाटाणे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"नळ बंद कर गं. तिचं भरू दे की आधी."

रचनानं नळ बंद केला.

पाण्याचा आवाज चालूच राहिला...

परवा त्याच स्वयंपाकघरात बसून रचनानं मला हे सांगितलं. सांगून झालं तेव्हा पावणेचार झाले होते. मी चहाला थांबले नाही.