वीस फूट पाइप आणि एक झडप

"वीस फूट पाइप द्या. बोटाएवढा जाड आणि लवचिक हवा."

नळसामानाच्या दुकानात मी पहिल्यांदाच शिरले होते. दुकानदार जेवायला गेलेला. काउंटरमागे उभा होता तो मुळात गिऱ्हाईकच होता, एक प्लंबर. दुकान सांभाळ म्हणून त्याला उभं केलेलं. हे मला नंतर कळलं.

"कुठं बसवायचाय?" भेंडोळं काढत त्यानं विचारलं.

"पोटात."

त्याचे हात थांबले. "कुणाच्या?"

"नववी ब च्या."

मग मी सगळं सांगितलं. मी जीवशास्त्र शिकवते. लहान आतडं वीसेक फुटांचं असतं हे फळ्यावर लिहून मुलांना काही वाटत नाही. पण एवढा पाइप पोटाएवढ्या खोक्यात स्वतःच्या हातानं कोंबून बघितला की...

"एवढी वळणं?" तो गंभीरपणे म्हणाला. "तुंबणार. हे काम ज्यानं केलंय त्याला मी तरी हाताखाली घेतलं नसतं."

"तुंबतंच की कधीकधी."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा आधी मिटायचा. पाइप गुंडाळून देताना त्यानं वर आपला नंबर लिहून दिला. "अडलं काही, तर सांगा. अडण्यातलं मला कळतं."

आठवड्यात अडलंच.

दोन बाटल्या, रबरी फुगा आणि नळ्या जोडून मी हृदय बनवलं होतं. फुगा दाबला की लाल पाणी पुढे जायचं आणि सोडला की निमूटपणे मागे यायचं. भर वर्गात एक नळी सुटली. पाणी उडालं ते नेमकं दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या चष्म्यावर. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"पुन्हा असं झालं, तर शनिवारचा प्रात्यक्षिकाचा तास गणिताला जाईल."

मी फोन केला.

शनिवारी तो आला. धुतलेला शर्ट, ओले केस, खांद्याला हत्यारांची पिशवी. आल्या आल्या त्यानं पिशवीतून एक पितळी नॉन-रिटर्न वॉल्व्ह काढला, पान्यानं उघडला आणि मुलांपुढे धरला. आत एक छोटंसं पातं होतं. एका बाजूनं फुंकलं की उघडायचं, दुसऱ्या बाजूनं फुंकलं की घट्ट मिटायचं. सगळा वर्ग आळीपाळीनं फुंकत बसला.

"पुस्तकात झडप म्हणतात ती हीच," मी म्हणाले.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्याला विचारलं.

तो जरा घुटमळला. "मी तुमच्याएवढा होतो तेव्हा माझे वडील गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वॉल्व्ह खराब झाला. म्हणजे काय, ते मला कुणी सांगेना. वॉल्व्ह म्हणजे मला नळाचाच माहीत... म्हणून काकाच्या दुकानातला एक उघडून बघितला. मग तेच काम करत राहिलो." त्यानं माझ्या बाटल्यांकडे पाहिलं. "पण तो आत नेमका कुठं असतो, हे मला आज दिसतंय."

मी पुढे होऊन भिंतीवरच्या तक्त्यात हृदयातल्या चारही झडपा एकेक करून दाखवल्या. मुलांना, पण खरं तर त्यालाच.

त्यानं नखाएवढे दोन वॉल्व्ह नळ्यांत बसवले. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः फुगा दाबून पाहिला. चांगला तीसेक वेळा. "हं," त्या म्हणाल्या, "तास राहू दे."

मुलं गेल्यावर आम्ही बेसिनपाशी लाल झालेले हात धूत होतो.

"पुढच्या शनिवारी येऊ?" त्यानं विचारलं.

"आता गळत नाहीये ते."

"गळवता येईल..."

मी नळ बंद केला, कारण हसू आवरत नव्हतं. "फुप्फुसं करायची आहेत. या."

तो आला. मग कोपरासाठी बिजागरी घेऊन आला, मग कानाच्या पडद्यासाठी डबा घेऊन. मुलं त्याला नळसर म्हणायला लागली. मी शनिवारी केस जरा वेगळे बांधायला लागले — हे मुलींनी माझ्याआधी ओळखलं.

आणि एका शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. फोनवर म्हणाला, "काम आहे." त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"दोन आठवडे तोंड एवढंसं झालंय तुझं," आई म्हणाली. "जाऊन विचार त्याला. फार तर नाही म्हणेल."

तो ज्या घरी कामाला गेला होता, तिथला पत्ता दुकानदारानं दिला. दार एका आजीबाईंनी उघडलं. स्वयंपाकघरात बेसिनखालून फक्त त्याचे पाय बाहेर आले होते.

"बॅटरी धरता का जरा?" त्याला वाटलं, आजीबाईच आहेत.

मी खाली बसून बॅटरी धरली. "का नाही आलात?"

पाना खणकन पडला.

"तुमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी म्हणालं, 'आला मॅडमचा नळवाला.'"

"वाईट वाटलं?"

"नाही. नळवाला तर मी आहेच. पण 'मॅडमचा' म्हणाले ना... ते फार आवडलं मला. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला इतकं आवडणं बरं नाही, असं वाटलं."

मी पडलेला पाना उचलून त्याच्या हाताशी सरकवला.

"माझं तोंड दिसत नाहीये तोवर बोलून टाकतो," तो म्हणाला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. आता हसायचं तर हसा."

"बाहेर या," मी म्हणाले, "आणि तोंड दाखवून सांगा."

तो सरपटत बाहेर आला. गालावर वंगण, केसांत जाळं. माझ्यासमोर फरशीवर बसून त्यानं तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला अडखळत, अर्धं गिळत — आणि मी "हो" म्हणाले, तेव्हा त्याचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

आजीबाई दारात आल्या. "झालं का?"

"झालं," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्यांनी नळ सोडून पाहिला, वाकून खाली नजर टाकली आणि समाधानानं आमच्यापुढे दोन खुर्च्या सरकवल्या.