शेवटच्या खोलीतली दुसरी गादी

दोघांच्या हसण्याचा आवाज आला. दुपारचे तीन वाजले असतील. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं आणि दारामागे कुणीतरी हसत होतं. एकाचं हसू मोकळं, खो-खो. दुसऱ्याचं दबलेलं, तोंडावर हात धरून हसावं तसं. मी फरशी पुसायची बादली हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. कारण त्या खोलीत एकच मुलगा राहत होता.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी सुखात आहे, कुणाबद्दल तक्रार नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो.

मी वसतिगृहाचा शिपाई. मुलं मला मामा म्हणत. माझी शाळा चौथीत सुटली, पण सगळं आयुष्य शिकणाऱ्यांच्या चपला ओलांडण्यात गेलं. दर उन्हाळ्यात नेहमीची मोठी मुलं घरी गेली की सहा आठवड्यांसाठी नवी पोरं यायची. कॉलेजात जायच्या आधीची, सोळा-सतरा वर्षांची. घर सोडून राहायची सवय व्हावी, अभ्यासाची ओळख व्हावी म्हणून तो वर्ग असे. सहा आठवडे टिकला त्याला कॉलेजात जागा. मधेच पळाला त्याची जागा दुसऱ्याला.

पोरं यायच्या आदल्या दिवशी कोठीतून गाद्या काढायच्या, उन्हात टाकायच्या, झटकायच्या आणि पलंगावर अंथरायच्या. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस हाताला राहायचा. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या शिपायानं मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. ज्या पलंगावर कुणी येणार नाही, त्याची गादी गुंडाळून सुतळीनं बांधायची. उशी, चादर घालून पलंग रिकामा सोडायचा नाही.

"का हो?" मी विचारलं होतं.

"अंथरूण घातलं की बोलावल्यासारखं होतं," तो म्हणाला. "मग कोण येईल ते आपल्या हातात नसतं."

मी हसलो होतो. पण तीस वर्षं गाद्या बांधत आलो. त्या वर्षी चुकलो. शेवटच्या खोलीत दोन मुलं येणार होती. दोन्ही गाद्या घातल्या, उशांना नवे अभ्रे चढवले. एकच मुलगा आला. दुसऱ्याचा निरोप आला की तो येत नाही. त्या गडबडीत, चाव्या वाटता वाटता, वर जाऊन गादी बांधायची राहूनच गेली.

आला तो एका शिंप्याचा मुलगा. बापानं वाढत्या अंगाचे म्हणून तीन शर्ट शिवून दिले होते. त्यातल्या प्रत्येकात तो दोनदा मावला असता. पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचं नाव तंबू ठेवलं. जिन्यात दिसला की कुणीतरी ओरडायचं, "ए तंबू, वारा सुटलाय, खुंट्या ठोक!"

तो भिंतीला लागून खाली उतरायचा. तीन दिवस माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायचा.

"मामा, फाटक किती वाजता उघडतं?"

"का रे बाबा? पळायचंय?"

"वर्गात मला काही कळत नाही. गणिताचे सर बोलतात ते डोक्यावरून जातं. बाकीचे हसतात. मी घरी जातो."

"आणि बापाला काय सांगशील?"

त्याच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला हा पहिलाच. मी त्याला चहा दिला. म्हटलं, आणखी दोन दिवस बघ. पण मला वाटत होतं, हे पोर काही टिकत नाही.

चौथ्या दिवशी तो पायरीवर आला नाही. पाचव्या दिवशी शीळ घालत जिना उतरला. सहाव्या दिवशी जेवणघरातल्या मावशींनी मला सांगितलं, "तुमचा तंबू दोन कप चहा वर नेतो. बरं वाटतं हो, खायला-प्यायला लागला."

आणि सातव्या दिवशी दुपारी मी ते हसणं ऐकलं.

मी दार वाजवलं. तंबूनं उघडलं. खोलीत तो एकटाच होता. खिडकी बंद, तरी आत गारवा होता. बाहेर एवढं ऊन, आणि आत ओल्या भिंतीसारखा वास. दुसऱ्या पलंगावरची चादर चुरगळलेली, उशीला डोक्याएवढा खळगा.

"कोण होतं रे?"

"माझ्या खोलीतला," तो सहज म्हणाला. "आत्ताच बाहेर गेला. तुम्हाला दिसला नाही?"

दाराबाहेर मीच तर उभा होतो.

"नाव काय त्याचं?"

"सांगत नाही. मी दोस्त म्हणतो. मामा, गणित काय शिकवतो तो! हे बघा."

त्यानं वही पुढं केली. मला त्यातलं गणित कळत नाही, पण अक्षर कळतं. पानावर दोन हातांचं अक्षर होतं. एक तंबूचा, बॉलपेनचा, वाकडातिकडा. दुसरा शाईचा. बारीक, सरळ, जुन्या लोकांचं असतं तसं वळण. शाई अजून ओली होती. माझं बोट लागलं तिथं पुसली गेली.

दुसऱ्या पलंगाच्या कपाटाची चावी माझ्याच खणात होती. ती कुणाला दिली नव्हती.

संध्याकाळी रेक्टर मॅडमनी विचारलं, "शेवटच्या खोलीतला मुलगा एकटाच आहे ना? हलवू या का त्याला दुसरीकडे?"

मला खरं सांगता आलं असतं. पण सांगून काय झालं असतं? पोराला डोक्यानं कमी ठरवून घरी धाडलं असतं. गणिताच्या चाचणीत त्या दिवशी तंबू वर्गात तिसरा आला होता. चिडवणारी पोरंच आता वही मागायला त्याच्याकडे येत होती.

"रमलाय, मॅडम," मी म्हणालो. "राहू द्या."

गादी मी बांधली नाही. आता विसरलो म्हणून नाही, मुद्दामच.

चार आठवडे छान गेले. खरंच छान गेले. पोरांनी त्या तंबूला हॉलीबॉलमध्ये घेतलं, शर्टाचं टोक कमरेला बांधून तो खेळायचा. दुपारी मी वरचा मजला पुसायला गेलो की दारामागे दोघं हसत असायचे. मला त्याची सवय झाली. कधी कधी तर बरंही वाटायचं. एवढ्या मोठ्या इमारतीत कुणाचा तरी जीव रमला होता.

मग शेवटच्या आठवड्यात एकदा दारापाशी गेलो आणि थबकलो. आतून एकच हसू ऐकू येत होतं. दबलेलं, तोंडावर हात धरल्यासारखं.

दार ढकललं. हसत होता तो तंबू. पलंगावर भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून. समोर उघडी वही. पानभर शाईचं बारीक, सरळ अक्षर. बॉलपेन कुठंच नव्हतं.

"काय रे, तुझं हसणं असं कसं झालं?"

"कसं?" तो म्हणाला. हात तोंडावरून काढला नाही.

त्याच्या कपाळाला हात लावला. त्या उन्हाळ्यात, बर्फासारखं गार.

शेवटच्या दिवशी पोरांचे आईबाप आले. आवारात ट्रंका, हाका, पाठीवर थापा. शिंपी फाटकाजवळ उभा होता, टेप अजून गळ्यातच. मुलगा पास झाल्याचं त्याला कळलं होतं. डोळे पुसून पुसून लाल झाले होते.

"मामा, आमचा येत का नाही खाली? सगळे उतरले."

मी वर गेलो. तंबू पलंगावर बसला होता. सामान काहीच बांधलेलं नव्हतं.

"बाबा आलेत, चल."

"मी येत नाही."

"अरे, महिन्याभरानं कॉलेज सुरू होतं, परत येशीलच की."

"नाही... मी इथून जाणारच नाही. तो म्हणतो, इथंच राहू. दोघंही. फार पूर्वीच्या मुलांना पण तो म्हणाला होता... पण ते गेले."

"तुला घरी जायचं नाही?"

त्यानं दुसऱ्या पलंगाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "मामा, घर कसं होतं ते आठवत नाहीये मला..."

ही माझी चूक होती. मी अंथरलं होतं, मीच राहू दिलं होतं. सुतळी खिशात होती. गादी गुंडाळायला मी दुसऱ्या पलंगापाशी गेलो आणि हात लावला. गादी जड होती. कुणी बसलेलं असावं तशी मधोमध दबलेली.

मला ओढवेना. मी त्या पलंगाच्या कडेला बसलो. कुणाशी बोलतोय ते दिसत नव्हतं, तरी बोललो.

"बाळा, तू त्याला गणित शिकवलंस. हसायला शिकवलंस. फार उपकार झाले. पण खाली त्याचा बाप उभा आहे. तुझं कुणी येत नाही, ते मला कळतंय... इतकी वर्षं तू एकट्यानं काढलीस, तेही कळतंय. पण याला जाऊ दे."

मी चादरीवरून हात फिरवला.

"तुला अंथरूणच हवं ना? माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या खोलीतली तिची गादी मी अजून बांधलेली नाही. रोज चादर झटकून घालतो. हात धजावत नाही रे गुंडाळायला. तिथं ये."

माझ्या शेजारी गादी सावकाश वर आली.

तंबूनं तोंडावरचा हात खाली घेतला. खिडकीतून खाली पाहिलं आणि एकदम मोठ्यानं ओरडला, "अरे, बाबा! मामा, माझे बाबा आले! कधी आले?" आणि सामान तसंच टाकून, शर्टाचे सोगे उडवत, धडाधडा जिना उतरत गेला.

मी खिडकीशी उभा राहिलो. शिंप्यानं पोराला छातीशी धरलं, मग दूर करून त्याच्या खांद्यांचं माप घेतल्यासारखं बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते.

त्या गर्दीतून एक सडपातळ मुलगा निघाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आवाराच्या त्या बाजूला आम्हा नोकरांची ओळीनं अकरा दारं आहेत, सगळी एकाच रंगाची, पाटी एकावरही नाही. माझं दार कोणतं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. तो कुठं थांबला नाही, वळून वर पाहिलं नाही. भर उन्हात, सरळ माझ्याच दाराकडे चालत गेला.